घरातल्या समुद्राची मळी

जबलपूर हे नर्मदेच्या काठचे नगर. भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमधून वाट काढीत ही नदी पश्चिमेकडे शेकडो मैल धावते, तेव्हा कुठे भडोचच्या पलीकडे तिला समुद्र भेटतो. अशा या मध्यदेशीच्या नगरात एखाद्या गृहस्थाने आपल्या दिवाणखान्यात काचेच्या पेटीत समुद्र आणून ठेवावा, ही कल्पना प्रथम ऐकणाराला लहरीपणाची वाटेल. परंतु समुद्राचे मीठ आता पिशवीत मिळते. शुद्ध केलेल्या पाण्यात ते लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम या प्रमाणात विरघळविले की सागराचे पाणी घरी तयार होते. अडचण ते पाणी तयार करण्यात नाही. ते निर्मळ राखण्यात आहे.

चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी पेटी घेतली, तर तिच्यात सुमारे २५५ लिटर पाणी मावते. रेती आणि खडक यांची जागा वजा केली म्हणजे ते २०० लिटरांच्या आसपास उरते. या एवढ्याशा पाण्यात मासे खातात, श्वास घेतात, मलविसर्जन करतात. अन्नाचे कण कोपऱ्यात कुजतात. या कुजण्यातून अमोनिया निर्माण होतो, जीवाणू त्याचे नायट्राइट व पुढे नायट्रेट बनवितात. मासे बरेचसे नायट्रेट सोसतात, परंतु प्रवाळ सोसत नाहीत. प्रवाळ, म्हणजे आपले पोवळे, हा दगड नव्हे, प्राणी आहे. त्याच्या देहात सूक्ष्म शैवाल राहते आणि प्रकाशाच्या साहाय्याने त्याला अन्न पुरविते. उष्ण कटिबंधातील ज्या पाण्यात हा प्राणी वाढतो, ते पाणी पोषक द्रव्यांच्या बाबतीत अत्यंत दरिद्री असते. पेटीतले पाणी ‘श्रीमंत’ झाले की दुसरेच शैवाल माजते आणि प्रवाळ गुदमरतो.

येथे प्रोटीन स्किमर नावाचे उपकरण उपयोगी पडते. त्याचे तत्त्व मराठी माणसाला परके नाही. गुऱ्हाळात काहिलीतला रस उकळू लागला की मळी वर येते आणि गुळव्या ती झाऱ्याने काढून टाकतो. स्किमर हा समुद्राच्या पाण्यावरची मळी काढणारा झारा आहे. फरक एवढाच की येथे उष्णतेचे काम हवेचे बुडबुडे करतात. प्रथिने आणि तत्सम द्रव्ये यांच्या रेणूंचे एक अंग पाण्याला ओढ घेते, तर दुसरे पाण्यापासून पळते. असा रेणू बुडबुड्याच्या पृष्ठभागाला जाऊन चिकटतो, कारण तेथे त्याच्या दोन्ही अंगांची सोय होते. उंच नळीत असंख्य बारीक बुडबुडे सोडले म्हणजे ते हा मळ घेऊन वर चढतात, नळीच्या अरुंद गळ्यात त्यांचा घट्ट फेस होतो आणि तो वरच्या प्याल्यात सांडतो. पावसाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर वारा जो पिवळट फेस आणून टाकतो, त्यामागेही हीच क्रिया आहे.

धुवांधारच्या पायथ्याशी नर्मदेचे पाणीही दुधासारखे शुभ्र होते. मग गोड्या पाण्याच्या पेटीत हे उपकरण का चालत नाही? कारण गोड्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि लवकर फुटतात. खाऱ्या पाण्यात ते सहसा मिसळत नाहीत, बारीकच राहतात. बुडबुडा जितका बारीक, तितका तेवढ्याच हवेचा एकूण पृष्ठभाग अधिक, आणि तितका अधिक मळ त्याला चिकटतो.

या उपकरणावाचून भागत नाही काय, असा प्रश्न कोणी विचारील. भागते, पण कोठे, हे पाहिले पाहिजे. जाकार्त्याच्या ली चिन एंग यांनी १९६१ साली आपली ‘नैसर्गिक पद्धती’ प्रसिद्ध केली. तीत जीवजंतूंनी भरलेला सागरी खडक आणि हवेचे थोडे बुडबुडे याखेरीज विशेष काही नव्हते. परंतु जाकार्त्याच्या दाराशी समुद्र होता. पुढे बर्लिनमध्ये डीट्रिख श्ट्यूबर आणि त्यांचे सहकारी यांनी जी पद्धती रूढ केली, तीत खडकाच्या जोडीला जोरदार स्किमर आवश्यक मानला गेला. बर्लिन समुद्रापासून दूर आहे; तेथे पाण्याची प्रत्येक बादली तयार करावी लागते. जबलपूरचे नाते या बाबतीत जाकार्त्यापेक्षा बर्लिनशी अधिक आहे.

आता निवड कशी करावी? बाजारात मुख्यतः तीन जाती आढळतात. पहिलीत लाकडी ठोकळ्यातून पंपाने हवा दाबून बुडबुडे काढतात. ती स्वस्त असते, परंतु ठोकळा लवकर तुंबतो आणि वारंवार बदलावा लागतो. दुसरीत पाणी अरुंद मार्गातून वेगाने नेऊन त्याच्या ओढीने हवा आत घेतात. तिला जबर पंप लागतो आणि त्या अरुंद वाटेत मिठाचे खडे साचतात. तिसरीत पंपाच्या चक्राला पात्यांऐवजी सुयांसारख्या काड्या असतात. त्या हवेचे अक्षरशः तुकडे करतात. कमी विजेत बारीक बुडबुडे देणारी ही जात आज सर्वाधिक प्रचारात आहे, आणि मध्यम पेटीसाठी तीच सोयीची.

आकार ठरविताना खोक्यावरच्या आकड्याने भुलू नये. ‘५०० लिटरांपर्यंत’ असे लिहिलेले असते, तेव्हा ते बहुधा मोजके मासे असलेल्या पेटीला उद्देशून असते. मासे दाट असतील तर तेच उपकरण त्याच्या निम्म्या पाण्यालाही अपुरे पडू शकते. म्हणून आपले खरे पाणी किती आणि मासे किती, हे आधी मोजावे. उलटपक्षी फार मोठे यंत्र घेणे हाही शहाणपणा नव्हे. गळा रुंद आणि मळ थोडा असला तर फेस वर चढतच नाही. प्याला कोरडा राहतो आणि वीज मात्र जळते.

किमतीविषयीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन यांनी २००९ च्या सुमारास निरनिराळ्या स्किमरांची मोजमापे घेतली. पाण्यातील सेंद्रिय कर्बापैकी साधारण पंचमांश ते तृतीयांश भागच ही यंत्रे काढू शकतात, आणि महाग व स्वस्त यंत्रांतील अंतर जाहिरातीत दिसते तेवढे नसते, असे त्यांना आढळले. तात्पर्य, पाणी ठराविक काळाने बदलणे, खाणे बेताने घालणे आणि मासे थोडे ठेवणे यांतून कोणतेही यंत्र मालकाची सुटका करीत नाही. एकदा तयार झालेले नायट्रेटही ते काढीत नाही. मळ कुजण्यापूर्वीच तो उचलणे एवढेच त्याचे काम.

जबलपूरच्या हवेमुळे आणखी काही गोष्टी पाहाव्या लागतात. एप्रिल-मे महिन्यांत येथे पारा चाळीस अंशांच्या वर जातो. प्रवाळाला पंचवीस-सव्वीस अंश मानवतात. तिशीच्या पलीकडे तो संकटात सापडतो. पाण्यात बुडालेला प्रत्येक पंप त्या पाण्याला थोडी उष्णता देतो, म्हणून कमी वॅटचा पंप येथे दुहेरी लाभाचा. कोरड्या उन्हाळ्यात पाणीही झपाट्याने उडते, मीठ मात्र मागे राहते. ज्या खालच्या टाकीत स्किमर उभा असतो, तिची पातळी खाली-वर झाली की फेसाची उंचीही बदलते. तेव्हा रोज शुद्ध गोडे पाणी घालून पातळी स्थिर राखण्याची व्यवस्था यंत्राबरोबरच करावी, आणि किती खोल पाण्यात यंत्र उभे करावयाचे, हा आकडा विकत घेण्यापूर्वी वाचावा.

वीज हा तिसरा मुद्दा. आपल्याकडे विजेचा दाब २३० व्होल्ट आणि आवर्तने सेकंदाला ५०. अमेरिकेत दाब सुमारे १२० व्होल्ट आणि आवर्तने ६०. तिकडच्या साध्या पंपाला दाब बदलून दिला, तरी तो येथे एक-षष्ठांश हळू फिरतो आणि हवा कमी ओढतो. एकदिश प्रवाहावर चालणारे पंप आता मिळतात. त्यांची गती कमी-अधिक करता येते आणि वीज गेली असता ते बॅटरीवरही चालविता येतात. हे महत्त्वाचे आहे, कारण स्किमर पाण्यात प्राणवायूही मिसळत असतो. मात्र वीज गेली की वरच्या पेटीतील काही पाणी खाली उतरते, आणि ती परत येताच प्याला ओसंडून वाहू शकतो. खालच्या टाकीत तेवढी मोकळी जागा ठेवावी.

नवे यंत्र पहिले काही दिवस नीट फेस धरीत नाही. त्याच्या अंगावरचा तेलकटपणा जावा लागतो. तेवढ्यावरून ते सदोष ठरवून परत करण्याची घाई करू नये. प्याला आणि गळा आठवड्यातून एकदा-दोनदा धुवावा, कारण गळ्याला मेद लागला की फेस मोडतो. ज्याचा प्याला सहज काढता-घालता येत नाही, ते यंत्र कितीही नामांकित असो, घरात टिकत नाही.

शेवटी, यंत्राआधीच विचारात घ्यावयाची एक गोष्ट. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश २००१ साली झाला. समुद्रघोडेही त्याच वर्षी त्यात आले. आपल्या समुद्रातून हे जीव काढणे, विकणे किंवा बाळगणे हा गुन्हा आहे. परदेशातून येणाऱ्या अनेक जीवांच्या नोंदणीची तरतूदही २०२२ च्या दुरुस्तीने केली आहे. दुकानदार ‘सगळेच ठेवतात’ म्हणेल, परंतु त्यावर विसंबू नये. कागदपत्रे मागावीत, आणि ती नसतील तर तो जीव घेऊ नये. खडकही समुद्रातून उपटलेला नको. कृत्रिम, सच्छिद्र खडकावर जीवाणू तितक्याच आनंदाने वस्ती करतात.

ज्याला एवढा खटाटोप झेपणार नाही, त्याने मोजके मासे ठेवून, लहानसा स्किमर लावून आरंभ करावा आणि वर्षभर पाणी निर्मळ राखून दाखवावे. पिंजऱ्यातला पक्षी निदान ओरडू तरी शकतो. पेटीतला जीव मुक्याने मरतो. त्याच्या वतीने बोलणारी खूण एकच, ती म्हणजे प्याल्यात जमलेले ते काळपट, दुर्गंधी पाणी. ते रोज पाहणे आणि वेळेवर फेकणे, ही घरात समुद्र आणणाऱ्याची पहिली जबाबदारी होय.