तुटलेली तार

तार तुटावयाची ती बहुधा भर मैफलीतच तुटते. घामाने गंजलेली, घोडीवर घासून झिजलेली तार घरी निमूट राहते आणि मंचावर जोरकस आघातासरशी दगा देते. म्हणून विवेकी वादक ती आधीच बदलतो, सुटी तारही हाताशी ठेवतो. पण ती झटपट चढविण्याचा सराव फार थोडे करतात.

१९८५ साली अमेरिकेतील शँपेन गावी, शेतकऱ्यांच्या साहाय्यार्थ भरलेल्या ‘फार्म एड’ जलशात, बी. बी. किंग यांच्या गिटारची तार तुटली. साथीदार वाजवीत राहिले. किंग यांच्या मुखी पद चालूच होते आणि हात नवी तार खुंटीस गुंडाळीत होते! नवी तार ताण घेता घेता उतरते. ती वारंवार स्वरात आणावी लागते. तेही गाता गाताच झाले, आणि गिटार पुन्हा बोलू लागली.