तोकेलाऊची बोट

(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



काशी-रामेश्वर आपणांपैकी पुष्कळजणींनी माझ्याहून अधिक पाहिले आहे. म्हणून मी पॅसिफिक महासागरातील तोकेलाऊ बेटांविषयी बोलते. आताफू, नुकुनोनू आणि फाकाओफो ही तीन प्रवाळबेटे न्यूझीलंडच्या अखत्यारीत आहेत. वस्ती सारी दीड हजारांच्या आसपास. विमानतळ नाही, बंदर नाही. सामोआतील अपियाहून बोटीने सुमारे ५०० किलोमीटर उत्तरेस जायचे. एक दिवस-रात्र पुरत नाही. भेटीला परवाना लागतो. माझ्या डॉक्टर लेकीचे तेथे काम निघाले, म्हणून मला जाता आले.

अपियाचे दिवे दिसेनासे होण्यापूर्वीच मला बोट लागली. त्याचे वर्णन नको!

बेट आले तरी बोट काठाला लागत नाही. प्रवाळाच्या कडेबाहेर ती डुलत राहते आणि छोट्या होड्या न्यायला येतात. कोकणच्या आगबोटीतून पडावात उतरल्याच्या गोष्टी आजीकडून ऐकल्या असतील, तसेच हे. लाट वर आली की खलाशी दंड धरून ओढतो; त्या क्षणी पदर, वय, प्रतिष्ठा काही आठवत नाही.

मध्ये खाऱ्या पाण्याचे सरोवर आणि भोवती जमिनीची अरुंद किनार, एवढेच ते बेट. समुद्राहून पाच मीटर उंच जागा सापडणे कठीण, म्हणजे समुद्र चढू लागला तर पळायला टेकडी नाही. नदी नाही, छपरावरचे पावसाचे पाणी टाक्यांत साठवतात. वीज मात्र २०१२ पासून बहुतांशी सूर्याची.

मागासलेली म्हणावीत, तर तेथली 'इनाती' पाहावी. गावाने मिळून धरलेले मासे काठावर आले की माणसे मोजून घरोघरचे वाटे पडतात. तान्हे मूल, अंथरुणाला खिळलेली म्हातारी, दर्यावर जाणारा पुरुष नसलेले घर, सर्वांचा वाटा. त्यात पैसा नाही आणि उपकारही नाही. (आपल्याकडे हळदीकुंकवाचे वाण वाटताना काय होते, ते येथे सांगत नाही.) कुळातील वडीलधाऱ्या बाईला 'फातुपाएपाए' म्हणतात; घरातले वाटप तिच्या हाती. गावच्या महिला मंडळालाही तेच नाव.

पण भारी आजारावर तेथे इलाज होत नाही. परतताना आमच्या बोटीत दिवस भरत आलेली एक मुलगी होती. पोटातले मूल आडवे होते. रात्री समुद्र खवळला. तिची सासू चटईवर तिचे डोके मांडीवर घेऊन वारा घालीत होती आणि लेक दर तासाला नाडी पाहत होती. दुसऱ्या सकाळी अपियाचा डोंगर दिसला, तेव्हा सासूने पंखा खाली ठेवला. धक्क्यावर रुग्णवाहिका उभी होती. मुलगा झाल्याचे आम्हांला संध्याकाळी कळले.