तर्कशास्त्र शिकायला परदेशी जायचंय? आधी पत्र नीट वाचा

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकायला परदेशी जाऊ पाहणाऱ्या मुलांविषयी मला आज बोलायचं आहे. विषय ऐकून दोघे-तिघे हसले, ते मला इथून दिसलं. "ते शिकून करणार काय?" असं घरोघरी विचारतात. माझी चौतीस वर्षं बँकेत गेली, त्यातली बरीचशी कर्जखात्यात. त्यामुळे मला पहिला प्रश्न पडतो तो असा, की पैसे कोण देणार?

विषय हलका नाही, हे आधी सांगतो. डोंगरावर धूर दिसला म्हणजे तिथे अग्नी असणार, हे अनुमान आपल्या न्यायशास्त्राने शेकडो वर्षं घासून-पुसून तपासलं. कलकत्त्यात संस्कृत शिकवणारे बिमल कृष्ण मतिलाल पुढे हार्वर्डला गेले आणि १९६५ साली त्यांनी नव्यन्यायातल्या 'अभाव' या कल्पनेवर पीएच.डी. केली. 'घट नाही' असं म्हणताना आपण नेमकं काय म्हणतो, असा तो प्रश्न. नंतर ते ऑक्सफर्डला प्राध्यापक झाले. आज संगणकाचा प्रोग्रॅम बरोबर चालेल याची खात्री करायलासुद्धा तर्कशास्त्र लागतं.

दुसऱ्याच्या पैशाने परदेशी शिकण्यात कमीपणाही नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड. तिथे जॉन ड्यूई या तत्त्वज्ञांचे वर्ग त्यांना मिळाले.

आता व्यवहाराचं बोलू. अमेरिकेत तत्त्वज्ञानाच्या चांगल्या पीएच.डी.ला साधारणपणे फी माफ असते आणि वर स्टायपेंड मिळतो. त्या बदल्यात खालच्या वर्गांना शिकवायचं, पेपर तपासायचे. मुदत पाच-सहा वर्षं. एम.ए. न करता पदवीनंतर थेट अर्ज करता येतो. मात्र काही विद्यापीठांना आपली तीन वर्षांची पदवी चालत नाही, ते आधी विचारून घ्यावं. नेदरलँड्समध्ये पीएच.डी. करणारा बहुतेक वेळा विद्यापीठाचा नोकरच असतो. साधारण चार वर्षांचा करार, पगार आणि त्यावर करही!

एम.ए.चं गणित वेगळं आहे. ॲमस्टरडॅमचा दोन वर्षांचा 'मास्टर ऑफ लॉजिक' नावाजलेला आहे, पण युरोपबाहेरच्यांना फी जड जाते. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही. म्युनिकच्या लुडविग मॅक्सिमिलियन विद्यापीठात तर्कशास्त्र आणि विज्ञानाचं तत्त्वज्ञान इंग्रजीतून शिकता येतं. पण फी नाही म्हणजे खर्च नाही, असं नव्हे. व्हिसासाठी वर्षभराच्या राहण्या-खाण्याचे पैसे आधी खात्यात दाखवावे लागतात. २०२४ च्या सप्टेंबरपासून ती रक्कम ११,९०४ युरो झाली. पैसे आपलेच, पण महिन्याला ठरावीकच काढता येतात.

आता आपल्याच सोसायटीतली गोष्ट सांगतो. मुलीच्या वडिलांना विचारूनच सांगतोय. मी खजिनदार असताना ते फ्लॅट तारण ठेवायचा म्हणून सोसायटीचं एनओसी मागायला आले. मुलीला इंग्लंडमध्ये तत्त्वज्ञानाच्या एक वर्षाच्या एम.ए.ला प्रवेश आणि 'स्कॉलरशिप' मिळाली होती. पेढेही वाटून झाले होते. मी म्हटलं, "पत्र दाखवा." ती स्कॉलरशिप म्हणजे फीमध्ये वीस टक्के सूट होती. दुकानात सेल लागतो, तशी. बाकी चाळीस लाख यांनीच उभे करायचे. मी कागदावर मांडून दिलं: ४० लाख, १० टक्के व्याज, १५ वर्षं. हप्ता महिना सुमारे ४३ हजार, एकूण परतफेड सत्त्याहत्तर लाखांच्या वर. आणि वडिलांच्या निवृत्तीला सहा वर्षं.

मुलगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "काका, मग करू काय?" एनओसी अडवणं माझ्या हातात नव्हतं आणि मी अडवलंही नसतं. निर्णय तिनेच घेतला. वर्षभर थांबून तिने आपला वीस पानी निबंध चार वेळा लिहून काढला. अशा अर्जात गुणांइतकाच, किंबहुना जास्त, हा लेखननमुना पाहतात. सोबत प्राध्यापकांची तीन शिफारसपत्रं लागतात. पुढल्या वर्षी तिने नऊ ठिकाणी अर्ज केले. सात नकार, एक प्रतीक्षायादी आणि एक होकार. फी माफ, स्टायपेंड, पाच वर्षांची हमी. आज ती तिथे दुसऱ्या वर्षाला आहे आणि फ्लॅट वडिलांच्याच नावावर, निर्वेध.

म्हणून पालकांनो, पत्र हाती आलं की बँकेचं मंजुरीपत्र वाचतो तसं वाचा. फी पूर्ण माफ की काही टक्के? स्टायपेंड किती महिन्यांचा, बाराचा की नऊचा? हमी किती वर्षांची? आरोग्य विमा कोण भरणार? शिकवायचे तास किती? 'शिष्यवृत्ती' या शब्दावर जाऊ नका. जे. एन. टाटा एन्डॉवमेंट १८९२ पासून मुलांना मदत करतं आहे, फार मोठं काम आहे ते. पण ती कर्ज-शिष्यवृत्ती आहे, पैसे परत करायचे असतात. आणि घाईने सही करू नका. आर्थिक मदतीसह आलेल्या प्रस्तावाला १५ एप्रिलपर्यंत उत्तर द्यायची मुभा अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या विद्यापीठांनी एका ठरावाने मान्य केली आहे.

मुलांनो, तुम्हालाही एक स्पष्ट सांगतो. पीएच.डी. झाली म्हणजे प्राध्यापकी ठेवलेलीच आहे, असं नाही. जागा थोड्या, उमेदवार फार. म्हणूनच डोक्यावर कर्ज नसणं महत्त्वाचं. बिनकर्जाचा माणूस पाच वर्षं मनासारखं शिकून दुसरी वाट धरू शकतो. कर्जवाल्याला पहिल्या महिन्यापासून हप्ता दिसतो. त्याच्याने न्यायही वाचून होत नाही आणि नव्यन्यायही.

आई-वडिलांनी मुलांना हसू नये, मुलांनी आई-वडिलांचं घर गहाण टाकू नये. विद्यापीठाला तुम्ही खरोखर हवे असाल तर ते पैसे देतं. नुसता प्रवेश दिला, तर ते आमंत्रण समजावं. जायचं भाडं आपलं.

कोणाच्या घरी असं पत्र आलं तर संध्याकाळी पाचनंतर माझ्याकडे या. चष्मा आणि कॅल्क्युलेटर दोन्ही तयार असतात. चहा मात्र सौभाग्यवतींच्या मर्जीवर!