परतीच्या अर्जावरची सही

जुलै 2013 मध्ये लंडनच्या सहा बरोंमधून, म्हणजे प्रशासकीय विभागांमधून, दोन व्हॅन फिरवण्यात आल्या. व्हॅनवर मोठाल्या अक्षरांत मजकूर होता: बेकायदा राहत असाल तर घरी जा, नाहीतर अटकेला तयार राहा. खाली एक नंबर होता. त्यावर ‘होम’ एवढाच मेसेज पाठवायचा, पुढे प्रवासाचं आणि कागदपत्रांचं सरकार बघणार. लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 पासूनचं. त्याची वास्तू ज्या ब्रेंट बरोमध्ये आहे, ती बरोही या सहांपैकी एक. ईलिंग आणि हाउन्स्लो या भारतीयांची मोठी वस्ती असलेल्या बरोही यादीत होत्या.

ब्रिटिश गृहखात्यानं नंतर हिशेब मांडला. त्या नंबरावर 1,561 मेसेज आले होते आणि त्यांतले 1,034 निव्वळ टवाळीचे होते. व्हॅन पाहून देश सोडणाऱ्यांची संख्या भरली 11. ‘गेल्या आठवड्यात तुमच्या भागात 106 अटका’ हा व्हॅनवरचा दावाही टिकला नाही. जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या तिथल्या संस्थेनं तो दिशाभूल करणारा ठरवला. व्हॅन पुन्हा बाहेर पडल्या नाहीत.

श्रोतेहो, या फजितीत हसण्यासारखं बरंच आहे. पण ज्या प्रश्नावर तो अडाणी उपाय शोधला गेला, तो प्रश्न खरा आहे. एखाद्यानं परदेशात आश्रय मागितला, अर्ज फेटाळला गेला, अपीलही हरलं. आता त्यानं काय करायचं? आणि त्याला सल्ला कोणी द्यायचा?

फेटाळलेला अर्ज म्हणजे खोटा अर्ज, असा सर्रास समज असतो. 1951 च्या निर्वासित कराराची चौकट मुळात अरुंद आहे. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट समाजगट यांपैकी एखाद्या कारणानं छळ होईल, अशी साधार भीती दाखवावी लागते. दुष्काळ, कर्ज, भाऊबंदकीतलं वैर, बंद पडलेला कारखाना ही कारणं त्या चौकटीत सहसा बसत नाहीत. म्हणून नकार मिळालेल्यांत तीन तऱ्हेची माणसं एकाच रांगेत उभी असतात: ज्यांना खरोखर धोका नाही ती, ज्यांचं दुःख खरं आहे पण कायद्याच्या व्याख्येबाहेरचं आहे ती, आणि ज्यांच्या बाबतीत निकालच चुकला आहे ती. अपिलात फिरणारे निकाल या तिसऱ्या गटाची साक्ष देतात. सल्ला देणाऱ्याला तिघांना एकाच मापानं मोजता येत नाही.

युरोपीय संघाच्या 2008 च्या निर्देशानुसार अशा माणसाला स्वतःहून निघण्यासाठी साधारण 7 ते 30 दिवस मिळतात. जर्मनीत नेहमीच्या नकारानंतर 30 दिवस, अर्ज उघडच निराधार ठरला तर एक आठवडा. मुदत संपली की पोलीस, विमान, हद्दपारी. पण पासपोर्ट नसतो, दूतावास दाद देत नाही, आजारपण आडवं येतं. अशांना जर्मनी एक कागद देते. त्यावर तिरपा लाल पट्टा असतो. हा राहण्याचा परवाना नव्हे; ‘सध्या तुला घालवत नाही’ एवढंच तो सांगतो. काही महिन्यांनी त्याची मुदत वाढवून घ्यायची. अनेकांची उमेदीची वर्षं त्या लाल पट्ट्याखाली जातात.

हद्दपारी आणि हे लटकणं यांच्यामधला रस्ता म्हणजे मदतीसह स्वेच्छेनं परतणं. जर्मनीत त्याची सरकारी योजना 1979 पासून आहे. प्रवासाची व्यवस्था आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेनं पाहायची आणि सल्ल्याचं काम सरकारी कार्यालयांबरोबरच कारितास, डियाकोनी यांसारख्या चर्चशी जोडलेल्या सेवासंस्थांनीही करायचं, अशी तिची मूळ घडण. 2016 या एका वर्षात 54 हजारांवर लोक या मार्गानं परतले; त्यांत अल्बानिया, कोसोवो, सर्बिया अशा बाल्कन देशांतले पुष्कळ होते.

या सल्ल्याच्या टेबलावर काय चालतं? चांगला समुपदेशक ‘कधी निघताय?’ असं विचारत नाही. तो आधी नकाराचं पत्र मागतो आणि त्यावरची तारीख बघतो, कारण अपिलाची मुदत अजून शिल्लक असेल तर पहिला फोन वकिलाला जायला हवा. पत्र दुभाष्यानं समजावलं का, की शेजाऱ्यानं अंदाजानं वाचून दाखवलं? मग चौकशी घराकडे वळते. गावी घर उभं आहे का, कोणाच्या नावावर आहे? प्रवासासाठी उचललेले पैसे कोणाचे, फिटले किती? रोजचं इन्सुलिन तिथे कुठे मिळतं आणि केवढ्याला? इथे जन्मलेल्या मुलीचा जन्मदाखला झाला का? मुलगा तिसरीत जर्मनमधून शिकतोय, तिथल्या शाळेची लिपी त्याला येते का? यांतल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्या कुटुंबानं स्वतःशीही बोलून दाखवलेली नसतात. बोलता बोलता एखादा म्हणतो, जातो. एखादा म्हणतो, अजून नाही. दुसरं उत्तरही टेबलावर ऐकून घेतलं गेलं, तरच पहिल्याला किंमत.

पैशाचा भागही ठरलेला. अलीकडच्या नियमांनुसार तिकीट, प्रौढ माणसामागे 200 युरो वाटखर्च आणि पात्र देशांसाठी 1,000 युरो सुरुवातीची मदत. मुलांना निम्मी, कुटुंबाला कमाल 4,000. आजारी माणसाला परतल्यावर तीन महिन्यांपर्यंत उपचारासाठी 2,000 युरोपर्यंत. रक्कम मोठी नाही, पण रिकाम्या हातानं विमानतळावर उतरण्यापेक्षा बरी.

गडबड होते ती हा पैसा गळासारखा वापरला जातो तेव्हा. फेब्रुवारी 2017 मध्ये जर्मनीनं जादा मदतीची योजना आणली. निकाल लागायच्या आधीच अर्ज मागे घेऊन निघणाऱ्याला 1,200 युरो. नकारानंतर अपील न करता मुदतीत निघणाऱ्याला 800. म्हणजे न्याय मागायचा हक्क जितक्या लवकर सोडाल, तितकी रक्कम जास्त. त्याच वर्षाच्या अखेरीस घरभाड्यासाठी आणखी एक देकार आला, कुटुंबाला 3,000 युरोपर्यंत, पण 28 फेब्रुवारी 2018 च्या आत ठरवलंत तर. दिवाळीच्या सेलसारखी ‘ऑफर मर्यादित काळासाठी’, आणि दुकानात विकायला ठेवलेली गोष्ट म्हणजे माणसाचा पुढचा जन्म! आश्रयार्थींसाठी काम करणाऱ्या संस्थांनी तेव्हाच टीकेची झोड उठवली.

टेबलापलीकडे कोण बसतं, यावर सगळं कसं अवलंबून असतं, हे ब्रिटनमध्ये दिसलं. 2011 ते 2015 अशी जवळपास पाच वर्षं तिथली योजना ‘रेफ्युजी ॲक्शन’ ही स्वयंसेवी संस्था चालवत होती. योजनेचं नाव होतं ‘चॉइसेस’. जानेवारी 2016 पासून गृहखात्यानं ती स्वतःकडे घेतली. मदत बंद झाली नाही. 3,000 पौंडांपर्यंत मिळते. पण अर्ज फेटाळणारं, राहतं घर काढून घेणारं, ताब्यात घेणारं आणि ‘बसा, तुमच्या भल्याचं बोलू’ म्हणणारं खातं एकच झालं. अर्ज फेटाळल्यावर निवारा हवा असेल, तर ज्या मोजक्या अटींपैकी एक तरी पुरी करावी लागते, त्यांत ‘देश सोडण्यासाठी पावलं उचलतो आहे’ ही एक. अट पुरी झाली की कार्डावर आठवड्याला पन्नास पौंडांच्या आत रक्कम येते, रोख नाही. रस्त्यावर झोपायचं की परतीच्या अर्जावर सही करायची, अशी निवड ज्याच्यापुढे आहे, त्याच्या सहीला स्वेच्छा म्हणायचं का?

हाच प्रश्न स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयापुढे आला. फिनलंडनं आश्रय नाकारलेला एक इराकी गृहस्थ 2017 मध्ये सही करून बगदादला परतला. काही आठवड्यांत त्याला गोळ्या घालून मारल्याचं त्याच्या मुलीनं न्यायालयाला कळवलं. न्यायालयानं नोव्हेंबर 2019 मध्ये फिनलंडला दोषी ठरवलं. सक्तीनं पाठवलं जाण्याचा धोका डोक्यावर असताना केलेली सही ही मोकळ्या मनाची निवड नव्हे, हा त्याचा गाभा. मग कथेनं कोलांटी घेतली. मृत्यूची कागदपत्रं बनावट निघाली, गृहस्थ जिवंत होता. मुलगी आणि तिचा पूर्वीचा नवरा यांना फिनलंडमध्ये शिक्षा झाली आणि 2021 मध्ये स्ट्रासबर्गनं ते प्रकरण निकालात काढलं. परतणाऱ्यांच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं यात मोठं नुकसान झालं. एका कुटुंबाच्या बनावानं एक रास्त प्रश्न बदनाम केला, पण त्याचं उत्तर दिलं नाही.

जर्मनीतलं एक प्रकरण याहून साधं आहे. माली देशाच्या एका बाईला परतीची कागदपत्रं हवी असतील, तर ‘मी स्वेच्छेनं जात आहे’ असं लिहून दे, अशी तिच्या दूतावासाची अट होती. तिला जायचं नव्हतं, तिनं लिहून दिलं नाही. प्रशासनानं तिची मदत कापली. केंद्रीय सामाजिक न्यायालयानं 2013 मध्ये तिची बाजू घेतली: देश सोडण्याचं कर्तव्य लादता येतं, मनाविरुद्ध ‘माझी इच्छा आहे’ असं म्हणायला लावता येत नाही.

परतल्यावरची गोष्ट वेगळीच असते. मदत बरेचदा रोखीऐवजी वस्तूंत मिळते: शिलाई मशीन, दुकानाचा माल, टॅक्सीतला वाटा. सावकार मात्र माल बघून दारात येतो. पाठवायला घरच्यांनी जमीन विकलेली असते, त्यामुळे परतलेला मुलगा म्हणजे घराला दिसणारं नुकसान. जर्मनीनं अक्रा, प्रिस्टिना, एर्बिल अशा ठिकाणी सल्लाकेंद्रं उघडायला सुरुवात केली, ती ही दुसरी बाजू ओळखून.

भारताला हा विषय परका राहिलेला नाही. 5 फेब्रुवारी 2025 रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानातून 104 भारतीय अमृतसरला आणले गेले; त्यांतल्या अनेकांच्या हातापायांत प्रवासात बेड्या होत्या. बहुसंख्य हरियाणा, गुजरात, पंजाबचे, पण तिघे महाराष्ट्राचेही होते. पुढच्याच महिन्यात अमेरिकेनं एक ॲप बदललं. सीमेवर येऊन आश्रय मागण्यासाठी ज्या ‘सीबीपी वन’वर नऊ लाखांहून अधिक लोकांनी वेळ घेतली होती, त्याचं ‘सीबीपी होम’ झालं, देश सोडत असल्याचं कळवण्यासाठी. मेमध्ये त्याला 1,000 डॉलरची जोड मिळाली. या पद्धतीत टेबल नाही, समोर माणूस नाही, पत्रावरची तारीख बघणारं कोणी नाही.

याउलट तुर्कस्ताननं सीरियातल्या सत्तांतरानंतर एक सोय केली. जानेवारी ते जून 2025 या काळात निर्वासित कुटुंबातल्या एकाला तीनदा सीरियात जाऊन परत येण्याची मुभा दिली. घर आहे की ढिगारा, गावात वीज आहे का, शेजारी कोण उरलं, हे डोळ्यांनी बघायचं, मग घरच्यांनी मिळून ठरवायचं. युरोपात अर्ज फेटाळलेल्या माणसाला अशी फेरी मिळत नाही. त्याचं तिकीट एकाच बाजूचं असतं. म्हणून त्याला गावाकडची खरी खबर आणून देणं आणि ती ऐकून तो ‘नाही’ म्हणाला तर ते उत्तर तसंच फाइलमध्ये नोंदवणं, हे काम सरकारच्या पगारावर नसलेल्या माणसाकडे राहायला हवं. ब्रिटननं ते 2016 मध्ये काढून घेतलं. जर्मनीत ते अजून काही अंशी शिल्लक आहे, जिथे कारितासच्या टेबलापुढे खुर्ची ओढून बसता येतं तिथे.