पाटा आणि फरशी



आज मी आपणांस फार लांब नेणार नाहीं. आपल्याच स्वयंपाकघरापर्यंत नेणार आहें. जुन्या घरांत कोपऱ्याला काळा पाटा असतो आणि पायांखालीं करडी शहाबादी फरशी असते. दोन्ही दगडच, परंतु त्यांचें कूळ एक नव्हे. पाटा अग्नींतून जन्मला, फरशी पाण्यांत.

सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं दख्खनच्या भूमीला भेगा पडून तप्त शिलारसाचे लोट वर आले. ते पसरले, थिजले, आणि थरावर थर चढून सह्याद्रीचा काळा पाषाण झाला. रस लवकर निवाल्यामुळें त्यांतील स्फटिक अगदीं बारीक राहिले. म्हणून हा दगड घट्ट व कणखर. टांकी लावून घेतली कीं पिढ्यान्‌पिढ्या त्यावर वाटण वाटावें.

फरशीची जन्मकथा निराळी. आजच्या कलबुर्गी जिल्ह्यांतील शहाबादच्या भागांत, पाट्याच्या पाषाणाहून कैक पटींनीं जुन्या काळीं, उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशीं चुन्याचा बारीक गाळ सांचत गेला व वरच्या भारानें त्याचा खडक बनला. गाळ थराथरानें बसला, म्हणून दगडही थरानेंच सुटतो. परीक्षा पाहावयाची असेल, तर दोहोंवर लिंबाच्या रसाचा थेंब टाका. पाट्याला कांहीं होणार नाहीं. फरशीवर थोड्या वेळानें निस्तेज डाग उमटेल, कारण चुन्याला आम्ल खातें.

हें सारें मीं वर्गांत तीस वर्षें शिकविलें, पण पुस्तकांतून. अंधेरीच्या शाळेंत एकदां एका मुलानें विचारलें, “गुरुजी, खिडकींतून दिसणारी गिल्बर्ट टेकडी कोणत्या खडकाची?” मला उत्तर आलें नाहीं. ‘तें परीक्षेला येत नाहीं,’ असें म्हणून मीं त्याला खालीं बसविलें. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

पुढच्या रविवारीं मी एकटाच टेकडीपाशीं गेलों. सुमारें २०० फूट उंचीचे काळे खांब एकमेकांस चिकटून उभे, आणि माथ्यावर गांवदेवीचें देऊळ! शिलारस निवतांना आकसतो. तळें आटल्यावर चिखलाला भेगा पडतात, तशाच भेगा त्याला पडून खोलवर जातात, आणि असे अनेककोनी खांब तयार होतात. ही टेकडी पाट्याच्याच कुळांतली. वय सुमारें ६ कोटी वर्षें, म्हणजे सह्याद्रीहून थोडी धाकटी. सोमवारीं त्या मुलाच्या बांकाशीं जाऊन मीं उत्तर सांगितलें, आणि शनिवारीं सारा वर्ग टेकडीवर नेला.

अमेरिकेंत वायोमिंगमध्यें अशाच खांबांचा डेव्हिल्स टॉवर नांवाचा डोंगर आहे. तो १९०६ सालींच राष्ट्रीय स्मारक ठरला. आपल्या टेकडीला महापालिकेनें वारसा म्हणून दर्जा दिला तो २००७ सालीं. तोंवर दगडासाठीं तिचे लचके तुटले होते व इमारती पायथ्याशीं येऊन भिडल्या होत्या.

गाळ आजही आपल्या खाड्यांत सांचत आहे. कालांतरानें त्याचा खडक होईलही. परंतु दख्खनचा तो अग्नि केव्हांच विझला. ही टेकडी पुन्हां घडावयाची नाहीं. एखाद्या सुटीच्या दिवशीं मुलांना ती दाखवा. त्यांनीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर आलें नाहीं, तर त्यांना खालीं मात्र बसवूं नका.