पालक म्हणजे कोण?

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



गुणवंतांच्या सत्काराच्या या मंगल प्रसंगी मजसारख्या निवृत्त प्राथमिक शिक्षकास बोलण्याची संधी दिलीत, याबद्दल मी कार्यकारी मंडळाचा ऋणी आहे. मी उपदेश करावयास आलेलो नाही; माझ्या हातून घडलेल्या एका चुकीची कबुली देण्यास उभा आहे.

१९८६ साली मी एका खेड्यात एकशिक्षकी शाळेवर होतो. जून महिन्यात एक भगिनी मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला मागण्यास आली. नवऱ्याने टाकल्यामुळे ती माहेरी निघाली होती. मी म्हणालो, "बाई, अर्जावर मुलीच्या वडिलांची सही हवी." ती म्हणाली, "गुरुजी, ते कुठं आहेत हे ठावं असतं, तर ही पाळी आली असती का?" मी नियमाचे नाव सांगून तिला परत पाठविले. तो नियम कोठे लिहिला आहे, हे मात्र मी कधी उघडून पाहिले नव्हते. ती मुलगी पुढे शिकली की नाही, हे मला आजतागायत कळले नाही.

निवृत्तीनंतर मी कायदा वाचला. १९५६ च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्याच्या सहाव्या कलमात मुलाचा नैसर्गिक पालक पिता 'आणि त्याच्यानंतर' माता, असे शब्द आहेत. पित्याच्या मृत्यूनंतरच मातेस अधिकार, असा त्याचा अर्थ सर्रास केला जाई. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावे रोखे घेण्यासाठी अर्ज केला, तेव्हा पित्याची सही मागण्यात आली. तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९९ साली न्यायालयाने सांगितले की, 'नंतर' म्हणजे 'अनुपस्थितीत'. पिता दूर असेल, मुलाविषयी सर्वस्वी उदासीन असेल वा आजाराने असमर्थ असेल, तर त्याच्या हयातीतही माता नैसर्गिक पालक होय.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने तर 'पालक' या शब्दाच्या व्याख्येत माता व पिता यांना एकाच पंक्तीस बसविले. सहा ते चौदा वर्षांच्या मुलास दुसऱ्या सरकारी वा अनुदानित शाळेत जावयाचे असेल, तर मुख्याध्यापकाने दाखला तत्काळ दिला पाहिजे. आणि दाखल्यास विलंब झाला, तरी नव्या शाळेस प्रवेश नाकारता येत नाही. हा कायदा १९८६ साली असता, तर तो प्रथम मलाच दोषी ठरविता.

रुग्णालयातही हाच प्रश्न उभा राहतो. बारा वर्षांखालील मुलावर त्याच्या हितासाठी उपचार करताना पालकाची, किंवा ज्याच्याकडे मूल कायदेशीरपणे सांभाळावयास आहे त्याची, संमती दंडविधानाने १८६० पासून मानली आहे. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेतही ती तरतूद कायम आहे. जिवावरचा प्रसंग असून संमती वेळेत मिळणे अशक्य असेल, तर सद्भावनेने उपचार करणारा वैद्य गुन्हेगार ठरत नाही. तेव्हा 'वडील येईपर्यंत थांबा' असे कोणी म्हटल्यास मातेने निमूटपणे परतू नये.

यात पित्याचा अधिकार हिरावण्याचा प्रश्नच नाही. पालकाचा अधिकार हा मुलाच्या हितासाठी असतो. जो मुलाचा भार वाहतो, त्याच्या हाताला सहीचाही मान हवा, एवढेच माझे म्हणणे.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाच्या नावापुढे शासकीय कागदपत्रांत प्रथम आईचे, मग वडिलांचे नाव लिहिण्याचे ठरले आहे. शासन एवढे पुढे गेले. आपण कोठे आहोत? बंधूंनो, आपल्याच मंडळाच्या शिष्यवृत्तीच्या अर्जावर आजही 'वडिलांची सही' एवढीच जागा छापलेली आहे. आपल्या ज्ञातीत विधवा भगिनी आहेत, परित्यक्ता आहेत. त्यांपैकी किती जणी तो रकाना पाहून अर्ज न भरताच घरी गेल्या असतील, याचा विचार करावा. येत्या जूनपूर्वी तेथे 'आई, वडील अथवा पालक यांची सही' असे छापावे, ही माझी कार्यकारी मंडळास हात जोडून विनंती आहे. छपाईचा खर्च मी आनंदाने देईन.

त्या भगिनीचे ऋण मला फेडता येणार नाही. परंतु तिच्यासारखी दुसरी आपल्या दारातून परत जाऊ नये, इतके तरी आपल्या हाती आहे.