'आर्थ्रोग्राम' : एका वैद्यकीय शब्दाची फोड



गुडघा वा खांदा दुखणारे वडीलधारे माणूस नाही असे घर आपल्या ज्ञातीत विरळाच. डॉक्टर चिठ्ठीवर 'आर्थ्रोग्राम' असे लिहून देतात आणि घरात चिंता पसरते. कोणी त्यास शस्त्रक्रिया समजतो, तर कोणी दुखणे थांबविणारे इंजेक्शन. शब्द उमगला की निम्मे भय ओसरते. म्हणून आज त्याच शब्दाची फोड आम्ही करणार आहोत.

हा शब्द ग्रीक भाषेतील घटकांपासून घडला आहे. 'आर्थ्रॉन' म्हणजे सांधा आणि 'ग्राम्मा' म्हणजे लिहिलेले वा रेखाटलेले. तेव्हा आर्थ्रोग्राम म्हणजे सांध्याचे चित्र. ते घेण्याच्या क्रियेस 'आर्थ्रोग्राफी' म्हणतात. 'आर्थ्रायटिस' हाही त्याच कुळातला. त्यातील 'आयटिस' दाह दर्शवितो. आर्थ्रॉनच्या मुळाशी 'जुळविणे' हा अर्थ आहे. आपला 'सांधा' ज्या 'संधि' शब्दावरून आला, त्याचाही अर्थ जोडणे असाच आहे. दोन प्राचीन भाषांनी सांध्याकडे एकाच दृष्टीने पाहिले, हे आम्हांस मोठे मनोज्ञ वाटते.

1895 साली रंटगेन यांनी क्ष-किरण शोधून काढले. त्या किरणांच्या चित्रात हाड स्पष्ट उमटते. परंतु कूर्चा व अस्थिबंध वेगळे ओळखू येत नाहीत. ही उणीव भरून काढण्यासाठी सांध्यात प्रथम वायू आणि पुढे आयोडीनयुक्त द्रव भरून चित्र घेण्याची रीत आली. द्रव जिथे झिरपतो, तिथे फाट आहे असे कळते. हल्ली पुष्कळदा गॅडोलिनियमयुक्त द्रव भरून एम.आर.आय. काढतात.

यावरून दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. एक, आर्थ्रोग्राम ही तपासणी आहे, उपचार नव्हे. तिने दुखणे थांबले नाही म्हणून निराश होऊ नये. दुसरी, 'आर्थ्रोस्कोपी' ही निराळी. तिच्यात लहान छेदातून नळी घालून सांधा आतून पाहतात. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी यांपैकी काय करावयाचे आहे, हे विचारून घ्यावे. पूर्वी अशा द्रवाचा त्रास झाला असल्यास, रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास वा स्त्री गर्भवती असल्यास ते आधीच सांगावे.

डॉक्टरांस प्रश्न विचारणे हा त्यांचा अनादर नव्हे. आपल्या वडीलधाऱ्यांस परक्या शब्दाचा अर्थ मराठीत समजावून देणे, हीही त्यांची सेवाच होय, असे आम्ही नम्रपणे सुचवितो.